बोकडाच्या वृषणाच्या स्लाइड्स : एप्रिल ते जानेवारीच्या नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. खेड्यातल्या प्रयोगशाळेत वृषणाच्या कायमस्वरूपी स्लाइड करायचा कुणाचा विचार असेल, तर माझे वाया गेलेले दिवस तरी वाचावेत म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. तारखा वहीतल्याच.

४ एप्रिल
कपाटात वृषणाची एकच स्लाइड. लेबलवर टाइप केलंय, ‘मानवी वृषण, आडवा छेद’. रंग इतका उडालाय की मुलांना नुसतं गुलाबी धुकं दिसतं. बारावीला ७२ मुलं आणि सूक्ष्मदर्शक चार. नव्या स्लाइड मागवायची फाइल दोन वर्षं फिरतेय. शेवटी स्वतःच करायचं ठरवलं. माणसाची ऊती आपल्याला मिळणार नाही आणि मिळवायच्या भानगडीत पडूही नये. बोकड मात्र दर बुधवारी बाजारात कापला जातो.

वरून प्रश्न आला, “हाच अवयव कशाला? बेडकाचं वगैरे काही होत नाही का?” हा धडा बहुतेक ठिकाणी ‘घरी वाचून या’ म्हणून उरकतात, तो याच वृत्तीमुळे.

१० एप्रिल
लॅब अटेंडंट भाऊंना खाटकाकडे पाठवलं. पिशवीत दोन गुर्दे (मूत्रपिंडं) घेऊन परत आले. म्हणाले, “दुकानात बाया उभ्या होत्या ना मॅडम. नाव कसं घेऊ मी?” आठवडा गेला. गुर्दे फॉर्मालिनमध्ये टाकून ठेवले, कधीतरी कामाला येतील.

१७ एप्रिल
मीच गेले. कपुरे, म्हणजे वृषणं, मागितल्यावर खाटीकचाचा जरा थबकले. “भुनून खायाले पायजे का?” “नाही, शिकवाले पायजे.” “मंग पैसे नोको.” पुढच्या सगळ्या बुधवारी त्यांनी एक रुपया घेतला नाही. खर्चाच्या हिशेबात हे दिसणार नाही, म्हणून इथे लिहिते.

दोन्ही वृषणं अख्खीच दहा टक्के फॉर्मालिनमध्ये बुडवली आणि झाकण लावून टाकलं.

२७ एप्रिल
दहा दिवसांनी कापलं. बाहेरचा काठ टणक आणि करडा, आत गुलाबी लगदा. वासाने भाऊ व्हरांड्यात निघून गेले. वृषणाभोवतीचं पांढरं आवरण, ट्युनिका अल्ब्युजिनिया, चामड्यासारखं घट्ट असतं. त्यातून फॉर्मालिन आत शिरायच्या आधीच आतलं सडलं. शिवाय बोकड पहाटे पाचला कापलेला आणि मी पोचले साडेनवाला, तेही एप्रिलच्या उन्हात. म्हणजे बरणीत पडायच्या आधीच पेशी विरघळू लागल्या होत्या.

ठरवलं ते असं : पहाटे बरणी घेऊन दुकानातच जायचं, आवरणाला जागच्या जागी चिरा द्यायच्या, आणि फॉर्मालिनऐवजी बोइनचं द्रावण वापरायचं. वृषणासाठी हे द्रावण शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे. त्यात संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मालिन २५ आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ५. फॉर्मालिनमध्ये शुक्राणू बनवणाऱ्या नलिका आकसून केंद्रकं धूसर होतात, बोइनमध्ये ती रेखीव राहतात. मी तयार बाटली मागवली. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक असतं, त्यामुळे पावडर आणून घरी द्रावण करायचा उद्योग करू नका. बाटलीच्या तोंडाशी पिवळी पूड साचू द्यायची नाही, ओल्या कापसाने पुसायची. बोटं आठवडाभर हळदीसारखी पिवळी राहतात ते वेगळंच. हातमोजे घाला. मी पहिल्या दिवशी घातले नव्हते.

८ मे
पहाटे पावणेसहाला दुकानात. बोइनमध्ये तासभर अख्खं, मग नव्या दाढीच्या ब्लेडने पाच मिलिमीटरच्या चकत्या, पुन्हा २४ तास. आधी तासभर का, तर ताजं वृषण कापताना ते ब्लेडखाली दबतं आणि नलिकांमधल्या पेशी सुटून पोकळीत गोळा होतात. तासाभरात काठ जरा धरतो, मग दाब सोसतो.

त्यानंतर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पिवळेपणा जाईपर्यंत बदलत राहायचं. मला पाच बदल लागले. इथाइल अल्कोहोलला परवाना लागतो, आयसोप्रोपिलने काम भागतं.

१५ मे
मेण. ऊती मेणात मुरवून त्याचा घट्ट ब्लॉक केला की मगच पातळ छेद निघतात. इथे मी कंजूषपणा केला. किराणा दुकानातून मेणबत्त्या आणून वितळवल्या. दुपारी खोलीत ४४ अंश, ब्लॉक बोटाने दाबला तर खळगा पडत होता. छेद निघायच्या ऐवजी लोण्यासारखा पापुद्रा गोळा व्हायचा. नागपूरहून ६०-६२ अंशांना वितळणारं हिस्टॉलॉजीचं मेण मागवलं, एक किलो ५२० रुपयांना. विदर्भात उन्हाळ्यात काम करायचं तर यापेक्षा मऊ मेण घेऊच नये.

२२ आणि २३ मे
मेण वितळतं ठेवायला पत्र्याचा डबा, आत थर्मोकोल आणि साठ वॅटचा बल्ब. तापमान ६२ वर छान टिकलं होतं. रात्री साडेअकराला लाइन गेली ती पहाटे चारला आली. मेण गोठलं, मग पुन्हा वितळलं. तीन तासांत काढायचे तुकडे सकाळी दहाला हातात आले. ते भाजलेल्या शेंगदाण्यासारखे झाले होते. ब्लेड लावलं की कडकड तुटत. आठ तुकडे गेले. यापुढे मेणाचं काम सकाळी सहा ते नऊमध्येच, आणि कुठल्याही परिस्थितीत रात्री नाही.

३० मे
शेजारच्या तालुक्यातल्या वरिष्ठ महाविद्यालयात रोटरी मायक्रोटोम (ब्लॉकचे पातळ छेद घेणारं यंत्र) कापडाखाली झाकून पडलेला आहे. तिथल्या सरांनी “आमच्याकडे कुणी चालवत नाही, तुम्ही चालवा” म्हणून किल्लीच दिली. ३४ किलोमीटर, एसटीने.

सुरीला खाचा होत्या, त्यामुळे प्रत्येक छेदावर उभ्या रेघा. गावात एक म्हातारे न्हावी आहेत, अजून वस्तरा आणि चामडी पट्टा बाळगून. त्यांनी मला पट्टा फिरवायला शिकवलं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केलं की पट्टाच कापतो. मोठी खाच गेली नाही, तेवढा भाग टाळून सुरी सरकवून घेतली.

ब्लॉकच्या तोंडावर बर्फगोळेवाल्याचा बर्फ दोन मिनिटं धरला की सहा मायक्रॉनचे छेद निघायला लागले, एकाला एक चिकटून सरळ पट्टी. ते दृश्य पाहून मी एकटीच हसले. छेद पसरवायला कोमट पाणी लागतं, साधारण ४५ अंशांचं. छपरावरच्या काळ्या टाकीतून नळाला आलं ते ४३ होतं. विदर्भाच्या उन्हाळ्याचा एवढाच उपयोग.

स्लाइडला छेद चिकटवायला गावठी अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समसमान, बोटाने जेमतेम ओलं होईल इतकं. जास्त लावलं तर तोही रंगतो आणि मागे गुलाबी डाग पडतात.

रंग देऊन पाहिलं, तर नलिका सगळ्या भरीव! मध्ये पोकळी नाही, शुक्राणू नाहीत. काठाला एकसारख्या पेशी आणि मधूनमधून एखादी मोठी गोल पेशी. दोन दिवस मला वाटलं स्थिरीकरण, म्हणजे द्रावणात ऊती पक्की करणं, चुकलं. मग चाचांना विचारलं, बोकड किती महिन्यांचा होता? “दोन-अडीच महिन्याचं पिल्लू होतं जी. तुमचा माणूस म्हनला लहान द्या.” भाऊंनी परस्पर निरोप दिला होता, बरणीत मावावं म्हणून. वयात न आलेल्या पिल्लाच्या नलिका भरीवच असतात. स्लाइड फेकल्या नाहीत. नंतर त्या मोठ्याच्या शेजारी ठेवल्यावर मुलांना जे कळलं, ते फळ्यावर तासभर काढून कळलं नसतं. पण वय विचारूनच घ्या. आणि खच्ची केलेला नाही ना, हेही.

१९ जुलै
नव्या तुकड्यांचं निर्जलीकरण, म्हणजे मेणाआधी अल्कोहोलने त्यांतलं पाणी काढणं. शेवटच्या अल्कोहोलमधून झायलीनमध्ये (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारा द्रव) टाकले की झायलीन दुधासारखं होतंय. तीनदा झालं. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं, मग ‘शुद्ध’ हे फक्त लेबलवर उरतं.

२६ जुलै
उपाय कृषी केंद्रात मिळाला : मोरचूद (कॉपर सल्फेट). संत्र्यावर बोर्डो मिश्रण मारायला सगळे नेतात तोच. भाजला की त्यातलं पाणी जाऊन पांढरी पूड होते. ती फिल्टर पेपरच्या पुडीत बांधून अल्कोहोलच्या बाटलीच्या तळाशी ठेवायची. ती उरलेलं पाणी ओढून घेते आणि पुन्हा निळी पडली की बदलायची. पहिल्यांदा लोखंडी तव्यावर भाजला, तर तव्यावर तांबडे डाग. लोखंडाने त्यातलं तांबं सोडवलं. मग चिनी मातीच्या बशीत, अंगणात, मंद आचेवर. तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेला नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : काही नाही. प्रवेश, चाचण्या, निवडणुकीची कामं, सोयाबीन काढणी. मुलंच वर्गात नसतात.

१३ नोव्हेंबर
चाचांनी फोन करून बोलावलं. दोन वर्षांचा पैदाशीचा बोकड. या वेळी अधिवृषणही (वृषणाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी) धड मिळालं, खालची शेपटी चांगली बोराएवढी फुगलेली.

शेपटीला सुईने टोचलं, आलेला पांढरा थेंब सलाइनमध्ये मिसळला आणि ४० च्या भिंगाखाली ठेवला. काहीच हललं नाही. सकाळचे सात, काच बर्फासारखी गार. स्लाइड तळहातावर मिनिटभर धरली, पुन्हा लावली, आणि अख्खं क्षेत्र वळवळायला लागलं. रांगेतला एक पोरगा ओरडला, “अबे, जिते हायेत!” मुली आधी मागे उभ्या होत्या, पाच मिनिटांनी त्याच टेबलाला चिकटलेल्या.

मग त्याच बोकडाच्या वृषणातून थेंब घेतला. शुक्राणू दिसले, पण पोहत पुढे जाणारा एकही नाही. अधिवृषण हे नुसतं कोठार नाही, शुक्राणू तिथे पोहण्याजोगे होतात, ही ओळ मी पंधरा वर्षं शिकवली. डोळ्यांनी पाहिली ती आज. १६७७ मध्ये लेव्हेनहुकने पहिल्यांदा हे वळवळणारे जीव पाहिले, ते आपल्या चारातल्या सगळ्यात स्वस्त सूक्ष्मदर्शकाहूनही साध्या भिंगातून.

२८ नोव्हेंबर
थंडीत उलटी गंमत. तेच ६०-६२ चं मेण आता काचेसारखं ठिसूळ. छेद सुटे सुटे उडतात, पट्टी धरत नाहीत. ब्लॉकवर तोंडाची वाफ सोडायची, किंवा बाजूला टेबल-लॅम्प ठेवायचा. मी दोन्ही केलं. मे महिन्यात बर्फ, नोव्हेंबरात दिवा.

६ डिसेंबर
रंग. हिमॅटॉक्सिलिन या रंगानंतर केंद्रकं निळी यायला हवीत, माझी लालसर जांभळीच राहिली. काळजी म्हणून मी बॅटरीचं शुद्ध पाणी वापरत होते, चूक तीच. निळं व्हायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. त्याच पाण्यात स्लाइड सहा मिनिटं ठेवल्या आणि केंद्रकं निळीशार. गावातल्या बाया ज्या पाण्याला शिव्या देतात त्याने माझं काम केलं.

दोन स्लाइड मळकट आल्या, त्यात बोइनचा पिवळा रंग राहिला होता. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये पुन्हा रात्रभर ठेवायला हव्या होत्या.

या छेदांत काय दिसलं : नलिकेच्या काठाला लहान गडद केंद्रकांच्या स्पर्मॅटोगोनिया (शुक्राणूंच्या मूळ पेशी), त्यांच्या आत मोठ्या, दोऱ्यासारखं क्रोमॅटिन असलेल्या प्राथमिक शुक्रपेशी (स्पर्मॅटोसाइट), मग गोल स्पर्मॅटिड (शुक्राणूचं आधीचं रूप), आणि पोकळीच्या काठाशी पेशींत डोकी रुतवून बसलेले लांबट शुक्राणू, झुबक्यांनी. मुलं दोन गोष्टींवर अडतात. एक, ‘सर्टोली पेशी कुठे आहे?’ घडणाऱ्या शुक्राणूंना पोसणारी ही पेशी पुस्तकात उंच झाडासारखी काढलेली असते. या रंगात तिची कड दिसत नाही. फिकट केंद्रक आणि त्यात गडद ठिपका, एवढंच शोधायचं. दोन, ‘दुय्यम शुक्रपेशींची ओळ कुठे?’ ओळ नसतेच. त्या काही तासांतच पुन्हा विभागतात, त्यामुळे क्वचितच सापडतात. आकृतीत मात्र त्यांना शिस्तीत रांगेत उभं केलेलं असतं. नलिकांमधल्या जागेत टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशींचे पुंजके नीट आले. फ्रान्झ लेडिगने १८५० मध्ये आणि एन्रिको सर्टोलीने १८६५ मध्ये वर्णन केलेल्या दोन्ही पेशी एकाच क्षेत्रात दाखवता येतात, भिंग सरकवायची गरज नाही.

१० च्या भिंगाखालचं क्षेत्र मोजलं, १.८ मिलिमीटर. त्यात आडव्या आठ-नऊ नलिका बसतात, म्हणजे एक साधारण २०० मायक्रॉन. माणसाचीही १५० ते २५० च्या घरात. नलिकांच्या मधल्या मोकळ्या फटी थोड्या खोट्या असतात. द्रावणांत ऊती आकसते, जिवंतपणी सगळं दाटीवाटीने असतं.

शुक्रवाहिनीचा छेद पहिल्याच फटक्यात उत्तम आला. चिवट सुतळीसारखी ती, स्नायूंचे तीन जाड थर आणि मध्ये चांदणीच्या आकाराची चिंचोळी पोकळी. अधिवृषणात उंच पेशींवर केसांचे झुबके दिसतात. ते स्टिरिओसिलिया. नावात सिलिया असलं तरी हलत नाहीत, शोषतात. हे परीक्षेत हमखास चुकतं.

प्रोस्टेटचा नाद सोडला. बोकडात ती माणसासारखी एकसंध गाठ नसतेच, मूत्रमार्गाच्या भिंतीत पसरलेली असते. तिचा छेद दाखवून ‘माणसाची अशी’ म्हणणं म्हणजे फसवणूक.

२० डिसेंबर
यवतमाळला वैद्यकीय शिकणारी माझी जुनी विद्यार्थिनी सुटीत आली. तिने तिच्याकडच्या मानवी वृषणाच्या स्लाइडचे मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. माझ्या स्लाइड शेजारी ठेवून आम्ही दोघी तीन तास बसलो, चहा दोनदा गार झाला.

पहिला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. बोकडाचं वृषण उभं चिरलं की मधोमध पांढरी दोरी, वृषणजालिका (नलिका जिथे मिळतात ती जाळी) तिथेच. मे महिन्यात मला ती रोगट गाठ वाटून मी तो भाग कापून टाकला होता! माणसात ती मागच्या कडेला असते, आणि तिथूनच निघालेल्या पडद्यांनी वृषणाचे अडीचशेच्या आसपास कप्पे होतात, प्रत्येकात एक ते तीन-चार नलिका. दुसरा, माणसाच्या नलिकेची भिंत जाड, कांद्याच्या पातींसारखे थर. बोकडाची पातळ. तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा. बोकडाच्या एका नलिकेच्या छेदात चहूबाजूंनी सहसा शुक्राणू घडण्याची एकच अवस्था असते. माणसात एकाच छेदात गोधडीसारखे तुकडे, एका बाजूला शुक्राणू तयार, दुसऱ्या बाजूला अजून गोल स्पर्मॅटिड. माणसात शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि अवस्था सहा मानतात, त्या अशा ठिगळांनी विखुरलेल्या. चौथा, तिच्या फोटोत लेडिग पेशींत काड्यांसारखे राइन्केचे स्फटिक होते. बोकडात ते नसतातच.

मग ती म्हणाली, “मॅडम, ती जुनी स्लाइड काढा ना.” काढली. फिकी होती तरी १० खाली आकार कळत होता. प्रत्येक नलिकेत काठभर एकच अवस्था, भिंत पातळ. एक नाही, दहा नलिका पाहिल्या. ती माणसाची नव्हे. पंधरा वर्षं मी त्या लेबलवर विश्वास ठेवून मुलांना “हे माणसाचं” म्हणून सांगत होते, आणि एकदाही नलिका मोजून पाहिल्या नाहीत. राग पुरवठादाराचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

११ जानेवारी
हिशेब. बोइन ९५०, मेण ५२०, अल्कोहोल ९००, झायलीन ५६०, हिमॅटॉक्सिलिन ६८०, इओसिन (गुलाबी रंग) १९०, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचा द्रव) ३४०, काचा आणि कव्हरस्लिप ४३०, एसटी १,२६०, मेणबत्त्या आणि सुरुवातीचं फॉर्मालिन २१०. एकूण ६,०४० रुपये. रंग, डीपीएक्स आणि काचा अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. एप्रिलपासून धरलं तर काम नऊ महिन्यांचं. मेण, वय आणि पाणी आधी कळलं असतं तर तीन आठवड्यांचं.

हाताशी आलेल्या धड स्लाइड ४१ : मोठ्या बोकडाचं वृषण १९, पिल्लाचं ६, अधिवृषण ९, शुक्रवाहिनी ७. फुटलेल्या किंवा बुडबुडे धरलेल्या मोजल्या नाहीत. डीपीएक्स घाईत लावलं की बुडबुडे येतातच. थेंब कव्हरस्लिपवर घ्या आणि स्लाइड वरून हळू टेकवा. वापरलेलं झायलीन मोरीत ओतू नका, मी पत्र्याच्या डब्यात साठवतेय.

लेबलं भाऊंनी लिहिली, त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. ‘बोकड, वय २ वर्षे, वृषण, आडवा छेद, ६ मायक्रॉन, बोइन.’ जुन्या स्लाइडवरचं टाइप केलेलं लेबल ब्लेडने खरवडलं आणि तिथे ‘सस्तन प्राणी, माणूस नव्हे’ असं लिहून तीही त्याच पेटीत ठेवली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलांना ती आणि बोकडाची शेजारी शेजारी लावून देणार आहे. माणसाच्या फोटोंची छापील प्रत भिंतीवर राहील.

पेटी अजून पंधरा दिवस आडवीच ठेवायची. परवा एक उभी केली, तर ओल्या डीपीएक्सवर कव्हरस्लिप घसरून खाली आली.